आधी पुकारा कोणाचा

१४ जानेवारी १९९७, मंगळवार. कुरेसावा.

पोहोचले. बर्फ गुडघ्याच्या वर. फलाट मात्र झाडलेला आणि बर्फाच्या कडा फावड्याने सरळ कापलेल्या. काम नीट करणारा माणूस इथे आहे, हे उतरताच कळलं.

माझं काम स्वतःसाठी एकदा मांडून ठेवते. कुरेसावाला मुख्य मार्गावरून ओकुताकीचा फाटा सुटतो. फाट्यावर एकच रूळ, एका डब्याची डिझेल गाडी, आणि अजूनही टोकन. मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत भोक पाडलेली पितळी चकती. ती ज्याच्याजवळ, त्यानेच फाट्यावर गाडी न्यायची. टोकन देण्याघेण्याचा परवाना असलेला माणूस इथे एकच उरला आहे. तो आणि ही पद्धत आणखी एक वर्ष चालवण्यासारखी आहे का, हे मी कंपनीला फेब्रुवारीअखेर कळवायचं. मी नाही म्हटलं, तर वसंतात फाटा बंद आणि ओकुताकीला बस. कागदावर बस ठीक दिसते. हिवाळ्यात तो घाट बंद असतो.

निघताना विभागप्रमुख माकाबे-सान म्हणाले, "निरासावा-सान, गावकऱ्यांच्या चहात विरघळू नका हं." मी विरघळत नाही, म्हणूनच मला पाठवलं आहे.

स्टेशनवरचे गृहस्थ काबासावा तोकुजी. निवृत्तीनंतर पुन्हा कामावर घेतलेले. मी समोर जाऊन वाकून नमस्कार केला. त्यांनी केला नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहिले. मी नाव सांगितलं तेव्हा मात्र कमरेतून वाकले, नको तितके.

"बाई आहात होय! बुटांवरून वाटलं, कोणी दांडगा गडी आलाय."

असल्या स्वागताची मला सवय आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

आज दिवसभर त्यांचं काम पाहिलं. बोट दाखवून पुकारा करण्याची पद्धत मी प्रशिक्षणकेंद्रात शिकले, नंतर दोन वर्षं शिकवलीही. हात पूर्ण ताणायचा, बोट वस्तूवर रोखायचं, वस्तू पाहायची, मग मोठ्याने नाव आणि स्थिती. बहुतेक माणसं दोन-तीन वर्षांत आळसावतात, हात कोपरातून वाकतो, आवाज पुटपुटण्यावर येतो. काबासावा-सानांचा हात बाणासारखा जातो. "निघण्याचा सिग्नल, मोकळा!" फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येतं. इतका शुद्ध पुकारा मी कुठे पाहिलेला नाही.

दोष एकच. इथे क्रम उलटा आहे. नियमाप्रमाणे आधी स्टेशनचा पुकारा, मग चालकाचा. इथे चालक नागुमो-सान आपल्या खिडकीतून आधी ओरडतात आणि काबासावा-सान मागून. परिणाम तोच, पण नियम नियम आहे.

आणखी एक. टोकन हातात घेताना ते उजवा हातमोजा काढतात आणि चकतीच्या भोकात अंगठा फिरवतात. भोकाचा आकार हीच टोकनाची खूण. मग "गोल, बरोबर!" इतक्या थंडीत. विचारलं तर म्हणाले, "पितळ हाताला बोलतं, निरासावा-सान." पांढरे हातमोजे गणवेशाचा भाग आहेत. टिपून ठेवलं.

१८ जानेवारी, शनिवार

फलाटाच्या टोकाला सोबाची, म्हणजे रश्शातल्या शेवयांची, टपरी आहे. चालवतात फुसाए-सान, साठीच्या, विधवा, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. गरम रस्सा, त्यात सोबा, वर तळलेली भाजी. मी वाटी घेऊन उभी होते तेव्हा ती बाई एकदम खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि वळणाकडे बघून ओरडली, "वरून कोणी नाही! सोडा माणसं!" माझा रस्सा सांडला.

मुख्य मार्गाच्या गाडीतून उतरणाऱ्यांना फाट्याच्या फलाटावर जायला मुख्य रूळच ओलांडावा लागतो. लाकडी वाट आहे. घंटा नाही. माणूस आहे म्हणून घंटा कधी बसवलीच नाही. काबासावा-सान वाटेच्या तोंडाशी हिरवा-लाल बावटा घेऊन उभे राहतात, दोन्ही दिशांना बोट रोखून पुकारतात, मग लोकांना सोडतात. वळण टपरीच्या खिडकीतून सर्वांत चांगलं दिसतं हे खरं. पण सोबा विकणाऱ्या बाईने रेल्वे चालवायची?

"तुम्ही रोज ओरडता?" मी विचारलं.

"अगं, ओरडले नाही तर घसा गंजेल माझा. तुला अजून भाजी हवी का? अंगावर मांस नाही, पोरी. एवढं शिकून तुझं वजन गेलं कुठे?"

दुपारी रिकाम्या वेळात फुसाए-सान काबासावा-सानांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात, हवामानापासून मृत्युवार्तांपर्यंत. ते डोळे मिटून ऐकतात. या वयात काही जुळलं असेल तर माझी हरकत नाही. कामाच्या वेळेत नको, इतकंच.

२२ जानेवारी, बुधवार

फाट्यावर जाऊन आले. नागुमो-सान चाळिशीचे, बडबडे. ओकुताकीचेच. त्यांची आई आठवड्यातून तीनदा मुलाच्याच गाडीने खाली उतरते, कुरेसावाला गाडी बदलते, शहरात रक्त शुद्ध करून घेते आणि परतते. आज ती चालकाच्या मागच्या आसनावर होती. मुलगा पुकारा करी आणि आई मागून हळूच म्हणे, "बरोबर."

"आई, तू कंपनीची नोकर नाहीस," नागुमो-सान म्हणाले.

"तुझ्या कंपनीने एवढी वर्षं मला फुकट राबवलंय."

डब्यात सगळे हसले. मग म्हातारीने मला पर्सिमनचं एक वाळवलेलं फळ दिलं आणि सरळ विचारलं, "गाडी राहणार ना, बाई? घाट बंद झाला की मी कुठून जाऊ? माझी एक खेप चुकवून चालत नाही."

मी म्हटलं, पद्धत नियमात बसली तर नाही म्हणायला कारण नाही. हे खरं होतं. म्हणूनच सुधारणा कागदावर ठेवून भागणार नाही, त्या प्रत्यक्ष घडायला हव्यात. पद्धत स्वच्छ करून दिली तर माझ्या अहवालात माकाबे-सानांना बोट ठेवायला जागा उरणार नाही. फाटा वाचवायचा तर तो असाच वाचेल.

परतताना मी नागुमो-सानांना काबासावा-सानांच्या डोळ्यांच्या वार्षिक तपासणीबद्दल विचारलं. ओकुताकीचे डॉक्टर करतात.

"दर वर्षी पास," ते म्हणाले. काबासावा-सानांना इथे सगळे तोकुसान म्हणतात. "तक्त्यावरच्या त्या तुटक्या कड्यांची फट कुठल्या बाजूला, ते तोकुसानना पाठच आहे!"

चांगला विनोद. मीसुद्धा हसले असेन.

२७ जानेवारी, सोमवार

तिघांना बसवून सांगितलं. पुकाऱ्याचा क्रम आजपासून नियमाप्रमाणे, आधी स्टेशन, मग चालक; चालकाने स्टेशनचा पुकारा ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हातमोजे सतत. फलाटावर बाहेरच्या कोणी गाडीसंबंधी ओरडायचं नाही. नियंत्रणकक्षाचा निरोप तोंडी सांगायचा नाही, तोंडी निरोपात चूक होते. तो कार्यालयातल्या फळ्यावर लिहायचा आणि ड्यूटीवरच्या माणसाने फळ्याकडे बोट दाखवून पुकारायचं.

काबासावा-सान ऐकत होते. मान किंचित तिरकी, मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे, मी गप्प झाले की जमिनीकडे.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "असंच असायला हवं होतं."

फुसाए-सान निरोप न घेताच उठून टपरीकडे गेल्या. हे प्रथमच.

३० जानेवारी, गुरुवार

नागुमो-सान आज गाडी लावून मुद्दाम माझ्याकडे आले.

"निरासावा-सान, एक विनंती. पुकाऱ्याचं ते... राहू द्या ना होतं तसं. बर्फ वितळेपर्यंत."

"कारण?"

"कारण काय... सवय आहे आमची."

"सवय हे कारण नाही. बर्फातच नियम जास्त लागतो."

"ते आहेच, पण..." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "तुम्ही कधी घरात दिवे गेल्यावर चाललाय? आपल्याच घरात?"

"नागुमो-सान, नेमकं काय म्हणायचंय?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग दारातून काबासावा-सान फावडं घेऊन जाताना दिसले आणि नागुमो-सान म्हणाले, "काही नाही. माफ करा. वेळ घेतला तुमचा."

माणसं बदलाला घाबरतात. प्रशिक्षणकेंद्रातही हेच पाहिलं होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज भुतं हाकलायचा दिवस. प्रतीक्षागृहात भाजलेले सोयाबीन. नागुमो-सान कागदाचा लाल मुखवटा घालून भूत झाले होते, दोन-चार प्रवासी पोरं किंचाळत दाणे मारत होती. "भुतं बाहेर! भाग्य आत!" काबासावा-सानांच्या हातात मूठभर दाणे दिले. मुखवटेवाला त्यांच्या समोर हाताच्या अंतरावर, तोंड दाबून उभा. मी बाजूला, नेमकी त्याच वेळी शिंकले. सगळे दाणे माझ्या तोंडावर.

हशा. फुसाए-सान म्हणाल्या, "नेम चुकला नाही हो तोकुसानांचा! ओळखलं बरोबर भूत!"

ते मात्र हसले नाहीत. ओशाळून माझ्याकडे वाकले, पुन्हा वाकले. मी म्हटलं, काही लागलं नाही. त्यांना मी इतकी नावडते, हे मला ठाऊक नव्हतं. थोडं वाईट वाटलं. का वाटावं, कळत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुधारणा लागू झाल्यापासून क्रम अचूक आहे. फलाट शांत आहे. फुसाए-सान टपरीची वळणाकडची खिडकी बंदच ठेवतात आणि समोरच्या बाजूने विकतात. मी तसं सांगितलं नव्हतं, फक्त ओरडू नका म्हटलं होतं. "उघडी असली की तोंड उघडतं," एवढंच म्हणाल्या. सोबात भाजी आता मागितली तरच मिळते.

पण उशीर वाढला आहे. कारण सापडत नाही. काबासावा-सान हल्ली प्रवाशांना वाटेच्या तोंडाशी थांबवून आधी स्वतः एकटे रूळ ओलांडून पलीकडे जातात, परत येतात, मध्ये थांबून मान खाली घालून उभे राहतात, आणि मगच लोकांना सोडतात. हे नियमपुस्तकात कुठेही नाही. बर्फ पडत असेल तर आणखी वेळ घेतात.

विचारलं. म्हणाले, "आधी मी जातो. लोक नंतर."

"पण पुकारा केल्यावर याची गरज काय?"

"माझ्या समाधानासाठी."

अहवालात काय लिहू? अनावश्यक सावधगिरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

फुसाए-सान आज माझ्या खोलीवर आल्या. मुळ्याचं लोणचं घेऊन. स्टोव्हपाशी बसल्या, हात शेकले.

"तुझ्या अहवालात तोकुसानांबद्दल काय आहे?"

"ते सांगता येत नाही."

"चांगलं आहे की वाईट, तेवढं."

"पुकाऱ्याला पूर्ण गुण. असा माणूस कंपनीत दुसरा नाही, असं लिहिलंय."

मला वाटलं, त्या खूश होतील. त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकला. मग म्हणाल्या, "पोरी, हुशार आहेस. एवढी हुशार आहेस, आणि..."

"आणि काय?"

"लोणचं खारट झालंय. पाणी पी वर."

दारात बूट घालताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी खिडकी उघडली तर त्या माणसाची नोकरी जाईल का?"

मी म्हटलं, नोंद करावी लागेल, इतकंच. नोंद झाली की शिफारशीवर परिणाम होऊ शकतो. हे प्रामाणिक उत्तर होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अपघात. काबासावा-सान गेले. मुख्य रूळ, लाकडी वाट, बर्फगाडी. जबाब दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्रमाने लिहिते.

त्या दिवशी सकाळपासून बर्फ होता, वाऱ्याशिवाय, जाड. मुख्य मार्गाच्या गाड्या मागे पडत होत्या. दुपारी नियंत्रणकक्षाचा फोन आला, तो मी घेतला. बर्फ फोडणारी गाडी फाट्याची गाडी सुटल्यावर येणार होती, ती आता आधी येणार. मी फळ्यावर लिहिलं. मोठी अक्षरं, खाली रेघ. काबासावा-सान बाहेरून आले, टोपीवरचा बर्फ झटकला. मी म्हटलं, "फळा बघा." ते फळ्यासमोर उभे राहिले. हात ताणला. बोट बरोबर फळ्याच्या मध्यावर.

"फळा, पाहिला!"

मी पाहत होते. निर्दोष पुकारा होता. मी तोंडाने एक शब्दही जास्त बोलले नाही, कारण तोंडी सांगायचं नाही असं मीच ठरवलं होतं.

मग मी फाट्याच्या फलाटावर गेले. सिग्नलची तार गोठली की मोकळा दाखवणारा त्याचा हात खाली येत नाही, म्हणून तपासायला. नागुमो-सान गाडीत, तोंड ओकुताकीकडे. त्यांची आई मागच्या आसनावर. बाकी प्रवासी पलीकडे, प्रतीक्षागृहात. काबासावा-सानांनी त्यांना बाहेर येऊच दिलं नव्हतं. आधी मी, लोक नंतर.

ते टोकन घेऊन निघाले. वाटेच्या तोंडाशी थांबले. वळणाकडे बोट. "वरची बाजू, मोकळी!" दुसरीकडे बोट. "खालची बाजू, मोकळी!" वळणावर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. टपरीची खिडकी बंद होती.

रुळांच्या मधोमध त्यांच्या हातून टोकन निसटलं. हातमोजे ओले होऊन गोठले होते. ते गुडघ्यांवर बसले आणि शोधू लागले.

आता हे नीट लिहायला हवं. काळं कडं पांढऱ्या बर्फावर पडलं होतं. थाळीएवढं कडं. त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या पुढे, हाताच्या अंतरावर. बर्फात बुडालेलं नाही, वरच. ते डावीकडे चाचपत होते. मग समोर. मग परत डावीकडे, तळहात सपाट ठेवून, हळू, जसं अंधारात उशाशी चष्मा शोधतात. चेहरा खाली नव्हताच. चेहरा सरळ समोर होता, आणि समोर काही नव्हतं.

तेव्हा मला कळलं. ते बर्फाच्या त्या कडा दोरी ताणून कापायचे, दोरी रोज पाहिली होती मी. पहिल्या दिवशीचा नमस्कार. अंगठा. वर्तमानपत्र. दाणे. सगळं एकदम, कोणीतरी दिवा लावावा तसं. एका क्षणात इतकं कळून काय करायचं असतं?

वळणावरचा पांढरा रंग हलला. बर्फगाडी स्वतःच उडवलेल्या बर्फात झाकलेली असते. आवाज बर्फ खातो.

मी हाक मारली. "काबासावा-सान!"

फक्त नाव. मागे व्हा, पुढे पळा, यांतलं काहीच नाही. फुसाए-सान असत्या तर काय करायचं ते ओरडल्या असत्या.

ते उभे राहिले. नीट उभे राहिले, टाचा जोडून, आणि तोंड बरोबर माझ्या दिशेला वळवलं. हात टोपीला लावला.

"हो, निरासावा-सान!"

त्यानंतरचं जबाबात आहे.

टोकन मी उचललं. कड्याला साधा ओरखडाही नव्हता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंत्यसंस्कार. ओकुताकीतून माणसं आली, अपघातापासून फाटा बंद असल्यामुळे बर्फ तुडवत, काही नागुमो-सानांच्या सोबत रुळावरून चालत. नागुमो-सानांची आई आली नाही. परवा मोटारीने निघाली ती घाटात अडकली, खेप चुकली, शहरात भरती केली आहे.

उदबत्ती लावली. फोटोसमोर वाकले. वाकलेलीच होते आणि लक्षात आलं की मी परत तेच करते आहे, पहिल्या दिवसासारखी नाव न सांगता वाकते आहे. मग मोठ्याने म्हटलं, "मी निरासावा आहे. इथे, समोर आहे." रांगेतले लोक बघायला लागले. बघू देत.

बाहेर फुसाए-सान आलेल्यांचे बूट ओळीने लावत होत्या. मी त्यांच्यापाशी थांबले.

"डोळ्यांत पडदा वाढत होता," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "चार हिवाळे झाले. मागच्या वर्षीपासून उजेड आणि अंधार, एवढंच. मीच म्हटलं होतं सोडा म्हणून. तर म्हणाले, मी सोडलं की गाडी सुटली. मग आम्ही वाटून घेतलं. नागुमोचे डोळे सिग्नलला, माझे वळणाला."

"मला सांगायचं होतंत."

"तुला?" त्या हसल्या, वाईट हसल्या. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी विचार केला. खोटं बोलणं मला जमत नाही. "नोंद," मी म्हटलं.

"मग." त्यांनी शेवटचा बूट सरळ केला. "आता खिडकी उघडी ठेवली तर चालेल का, बाई?"

या वेळी मला 'पोरी' म्हणाल्या नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार. मुख्यालय.

चौकशी. लांब टेबल, पाच जण, चहा गार झालेला. मी लागू केलेल्या प्रत्येक बदलाचं सांगितलं, तारखेसह. पुकाऱ्याचा क्रम, फळा, हातमोजे, खिडकी. या बदलांपूर्वी तिथे अपघात झाला नव्हता, हेही.

माकाबे-सानांनी थांबवलं. "निरासावा-सान, स्वतःला का ओढताय यात? तुमच्या सुधारणा योग्यच होत्या. निरोप फळ्यावर होता ना?"

"होता."

"त्यांनी पुकारा केला ना?"

"केला."

"मग झालं. मृताची बेसावधता."

"ते बेसावध नव्हते," मी म्हटलं. "त्यांनी एकाही प्रवाशाला बाहेर येऊ दिलं नव्हतं."

टेबलाच्या टोकाच्या गृहस्थांनी विचारलं, दृष्टीत काही दोष जाणवला होता का?

मी होय म्हटलं असतं तर काबासावा-सानांच्या मुलीला मिळणारी भरपाई थांबली असती. नागुमो-सानांचा परवाना गेला असता, डॉक्टरांचं नाव निघालं असतं. आणि ते सगळं न्याय्यही झालं असतं. चार हिवाळे त्या वाटेवरून माणसं न बघणाऱ्या माणसाच्या शब्दावर गेली. हे मी विसरू शकत नाही. फुसाए-सान, नागुमो-सान, ते स्वतः, सगळे चुकले होते. आणि मी त्या चुकीतला एकेक आधार काढून घेतला, नियमाने, एकेक करून.

"त्या दिवशी बर्फ होता," मी म्हटलं. "कोणालाच काही दिसत नव्हतं."

त्यांनी लिहून घेतलं.

फाट्याबद्दल प्रश्नच उरला नाही. परवानाधारक माणूस नाही. एकतीस मार्चला बंद. तोपर्यंत टोकन कोणी द्यायचं? माझ्याजवळ परवाना आहे, प्रशिक्षणकेंद्राचा. मी ते काम मागून घेतलं. माकाबे-सान म्हणाले, "विरघळलात शेवटी."

९ मार्च, रविवार. कुरेसावा.

टोकन घेताना हातमोजा काढते. भोकात अंगठा फिरवते. गोल. डोळ्यांना आधीच दिसलेलं असतं. तरी.

नागुमो-सान माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांची आई आता शहरातच राहणार, दवाखान्याच्या मागे एक खोली घेतली आहे. "म्हणते, खिडकीतून रूळ दिसत नाहीत," एवढं त्यांनी आज आपणहून सांगितलं. मागचं आसन रिकामं असतं. पुकारा केल्यावर ते क्षणभर थांबतात.

फुसाए-सान सोबा देतात, पैसे घेतात. भाजी मागावी लागते. मी मागत नाही.

३१ मार्च, सोमवार

शेवटची गाडी. बर्फ काळपट झाला आहे, कडा कोसळल्या आहेत. मी दोरी लावून कापल्या होत्या, पण ऊन लागलं की राहत नाहीत.

लोक बरेच आले. फोटो काढणारे, बाहेरगावचे. बँडची टूम कोणीतरी काढली होती, फुसाए-सानांनी हाणून पाडली. "लग्न आहे का कोणाचं?" म्हणाल्या.

मी वाटेच्या तोंडाशी उभी राहिले. डोळे माझे चांगले आहेत, दोन्ही. वळण स्वच्छ, उन्हात रूळ चमकत होते, पक्षीसुद्धा नव्हता. बोट दाखवायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. माणसं मागे खोळंबली. कोणीतरी म्हणालं, काय झालं? टपरीकडे मी बघितलं नाही.

खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला. लाकूड फुगलं होतं, दोनदा ढकलावी लागली.

"वरून कोणी नाही!" फुसाए-सान ओरडल्या. घसा बसला होता, आवाज फाटला. "सोडा माणसं!"

"वरची बाजू, मोकळी!" मी पुकारलं. लोक ओलांडून गेले. मी शेवटी.

टोकन दिलं. नागुमो-सानांनी कडं खांद्याला अडकवलं, पुढे बघितलं. सिग्नलचा हात खाली आलेला मला केव्हाच दिसत होता. नियमाप्रमाणे आधी माझा पुकारा. ते माझ्याकडे बघून थांबले. मीही थांबले. इंजिन घरघरत होतं. शेवटी त्यांनी मान बाहेर काढली.

"निघण्याचा सिग्नल, मोकळा!" ते ओरडले.

मग मी बोट रोखलं.